लंबासाचे पंडितजी

म्हातारीने माझा उजवा पाय घोट्याला धरून पितळी परातीत ओढला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुठेतरी काहीतरी जबरदस्त चुकलंय.

"अहो आजी, राहू द्या," मी म्हणालो. गडबडीत मराठीतच म्हणालो. तिला त्यातला 'आजी' तेवढा कळला, कारण फिजीतल्या हिंदीतही आजीला आजीच म्हणतात. ती खुलली आणि तिने माझा दुसरा पायही ओढून घेतला. तांब्यातलं पाणी गार होतं. माझ्या पावलांवरची दोन दिवसांची धूळ तिने अंगठ्याने चोळून चोळून काढली. समोर पत्र्याच्या मांडवात ताडपत्रीवर पन्नासेक माणसं हात जोडून बसली होती. उजवीकडे झेंडूच्या माळा घातलेली नवी कोरी लॉरी उभी होती. आणि डावीकडे, बाकड्यावर बसून, माझा जोडीदार एल्डर फोनुआ पाचवा वडा खात होता.

"एल्डर," तो मला इंग्रजीत म्हणाला, "तुझे लोक फार चांगले आहेत."

माझे लोक! मी त्यांना अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं.

नीट सांगतो.

मी शद्रक पाटोळे, राहणार पिंपरी. तेव्हा वय एकोणीस. आम्ही मॉर्मन. म्हणजे ख्रिस्तीच, पण ख्रिस्ती लोकांतही अगदी थोडे. आमच्या रविवारच्या सभेला भाड्याच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या तर दहा उरायच्या. आमच्यात रीत अशी की पोरगा एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला बाहेर पडतो. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नसतं, पत्र येतं. माझ्या पत्रात फिजी आलं. आईने नकाशात बोट फिरवून फिरवून शोधलं, तर निळ्या समुद्रात भाताची चार शितं सांडल्यासारखं काहीतरी दिसलं.

"एवढ्याशा जागेत तू मावशील का रे?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

या दोन वर्षांचे नियम कडक असतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठेही जायचं नाही. घरी पत्र आठवड्याला एक, फोन वर्षातून दोन. चहा-कॉफी तर आमच्यात एरवीही वर्ज्य. आणि सगळ्यात गंमत म्हणजे तुमचं पाळण्यातलं नाव बाजूला ठेवून तुम्हाला 'एल्डर' म्हणतात. एल्डर म्हणजे वडीलधारा. मला मिशी नीट फुटली नव्हती, पण मी एल्डर पाटोळे झालो.

मला हिंदी येतं म्हणून माझी नेमणूक लंबासाला झाली. फिजीच्या दुसऱ्या मोठ्या बेटावरचं हे गाव. आजूबाजूला नजर जाईल तिथवर ऊस, आणि तो ऊस लावायला इंग्रजांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जहाजात भरून नेलेल्या आपल्या लोकांची नातवंडं-पतवंडं. मी पोचलो, पण माझी बॅग पोचली नाही. ती कुठल्या तरी तिसऱ्याच बेटावर गेली. नावाची पट्टी हरवू नये म्हणून आईने सांगितल्याप्रमाणे मी ती बॅगेतल्या कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली होती.

फोनुआ मला न्यायला आला होता. टोंगा बेटांवरचा पोरगा, माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा, पण उंची सव्वासहा फूट आणि खांदे दाराला आडवे लावायच्या अडसरासारखे. मला बघून त्याने आधी माझ्या मागे पाहिलं, आणखी कोणी येतंय का म्हणून. मग मिठी मारली. माझे पाय जमिनीवरून सुटले.

तो मनाने फार चांगला. इतका चांगला, की मी थकून झोपलोय हे बघून त्याने माझे अंगावरचे एकुलते एक कपडे, टायसकट, बादलीत टाकून धुतले. त्याच बादलीत त्याचा लाल सुलू होता. सुलू म्हणजे तिथली लुंगी. बाप्ये ती ऑफिसला आणि चर्चलाही नेसतात. सकाळी दोरीवर माझा शर्ट वाळत होता, पक्का गुलाबी.

मी त्या शर्टाकडे बघत उभा राहिलो आणि मला रडूच आलं. शर्टासाठी नव्हे. ऊन, ऊस, डास, आणि दोन वर्षं म्हणजे सातशे तीस दिवस, त्यातला एक गेला होता.

"एल्डर फोनुआ," मी म्हणालो, "मला परत जायचंय. आपल्या मुख्य साहेबांना फोन करू या."

"करू," तो शांतपणे म्हणाला. "सोमवारी. आज गुरुवार आहे. सोमवारपर्यंत काय नागडा बसणार आहेस?"

मग त्याने मला त्याचा पांढरा शर्ट दिला. शर्टाचे खांदे माझ्या कोपरांवर आले आणि खालची कड गुडघ्यांवर. त्याच्या आईने सणासुदीला म्हणून दिलेला पांढरा सुलू मला दोन वेढे बसून उरला, तो मी पुढे खोचला. टाय त्याच्याकडे एकच होता आणि तो त्याच्या गळ्यात होता. आदल्या दिवशी मला उन्हाने चक्कर आली होती, त्यामुळे त्याने एक मोठी काळी छत्रीही घेतली आणि रस्त्याने चालताना ती माझ्या डोक्यावर धरली.

आता तुम्हीच बघा. गुडघ्यापर्यंत पांढरा झब्बा, खाली पांढरं धोतर, काखेत ग्रंथाची पिशवी, आणि मागे छत्री धरून चालणारा आडदांड सेवक. मला मात्र त्या वेळी आपण बुजगावण्यासारखे दिसतोय एवढंच वाटत होतं.

आम्हाला 'तीन मैल' नावाच्या वस्तीत रामप्रताप नावाच्या, आमच्या चर्चच्या एका सभासदाकडे जायचं होतं. बसवाल्याने आम्हाला एक वस्ती अलीकडेच उतरवलं. उतरलो तर उसाच्या वाटेने पन्नाशीचा एक माणूस घाम पुसत धावत आला.

"इंडिया से आया?" त्याने विचारलं.

"हो. इंडिया."

"पंडिजी?"

आता माझ्या आडनावाचं काय झालं होतं ते सांगायला हवं. विमानतळावरचा साहेब मला 'पाटोली' म्हणाला होता, छोट्या विमानातली बाई 'पेंटुल' म्हणाली होती, आणि फोनुआ तर 'पतोलेई' म्हणायचा. त्या मानाने 'पंडिजी' बरंच जवळ होतं.

"हो, हो, मीच," मी म्हणालो. मनात म्हटलं, रामप्रतापजींनी माणूस पाठवला, बरं झालं.

त्या माणसाचं नाव बिसुन सिंग. त्याने माझी पिशवी घेतली, डोक्याला लावली, आणि आम्हाला मांडवात नेलं. लाल झेंडे, सनई वाजवणारा टेप, उदबत्त्यांचा धूर. मला वाटलं, आमच्या चर्चच्या माणसाकडे हे जरा जास्तच आहे. पण परदेश आहे, असेल. मला खुर्चीवर बसवलं. बिसुनची आई आली. सत्तरीपुढची, पाठीत वाकलेली, डोक्यावर पदर, कानाने जरा कमी. तिचं नाव सुखराजी. तिने स्वतः चहा आणला.

"माफ करा," मी हिंदीत म्हणालो, "मी चहा घेत नाही."

"कॉफी?"

"तीही नाही."

म्हातारीने वळून मांडवाकडे पाहिलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "चाय भी नहीं पीता!" मांडवात कौतुकाची कुजबुज पसरली. मागला पंडित म्हणे सात कप प्यायला होता. म्हातारी तडक आत गेली आणि परात घेऊन आली.

तर तिथे आपण होतो. परातीत माझे दोन्ही पाय.

पाय पुसून झाल्यावर तिने माझ्या पायांवर डोकं टेकवलं. सत्तर वर्षांची बाई. तिच्या केसांतलं खोबरेल तेल माझ्या पायाच्या बोटांना लागलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. तेवढ्यात बिसुनने लाल कापडात गुंडाळलेली जाडजूड पोथी माझ्यापुढे चौरंगावर ठेवली आणि म्हणाला, "महाराज, आधी कथा, मग लॉरीची पूजा. सुरू करा."

मी खाली वाकून, पाय खाजवल्यासारखं करत, फोनुआला म्हणालो, "एल्डर, यांना वाटतंय मी त्यांचा पंडित आहे."

"पंडित म्हणजे?"

"पुरोहित. हिंदूंचा."

त्याने वडा चावायचा थांबवला. "तू आहेस?"

"नाही! वेडा आहेस का?"

"मग सांग त्यांना."

"हाकलून देतील."

त्याने थाळ्याकडे पाहिलं. थाळ्यात पुऱ्या, फणसाची भाजी, लाल भोपळा आणि खीर होती. "जेवण झाल्यावर सांगितलं तर?"

"एल्डर फोनुआ!"

"बरं, बरं. आत्ताच सांग. पण हळूहळू सांग." आणि त्याने पुरी उचलली.

मी लगेच उठायला हवं होतं. उठलो नाही. बिसुन वाट बघत होता, लोक हात जोडून बसले होते, आणि मी पोथीवरचं लाल कापड हळूहळू, घडी घडी करत सोडत बसलो. लाज वाटत होती म्हणून, भीती वाटत होती म्हणून, हे तर खरंच. पण आणखी एक कारण होतं, आणि ते मी त्या वेळी फोनुआलाही सांगितलं नसतं. मला ते आवडलं होतं.

शाळेत, कॉलेजात, पिंपरीत भाड्याची खोली बघायला गेलं की एक प्रश्न ठरलेला. "पाटोळे? कुठले पाटोळे?" विचारणारा हसून विचारतो, सहज विचारल्यासारखा, पण उत्तर मिळेपर्यंत डोळे हलवत नाही. मी त्याच्यावर बरेच तोडगे काढून ठेवले होते. कधी 'जालन्याकडचे' म्हणायचो, कधी 'आम्ही ख्रिस्ती' म्हणून विषय तोडायचो, कधी नुसतं शद्रक एवढंच सांगायचो, म्हणजे समोरचा नावातच अडकून पडायचा. आणि इथे, अर्ध्या जगापलीकडे, कोणी काही न विचारता माझे पाय धुतले होते. मी उठून दोन शब्द बोललो की संपलं.

पण म्हातारी माझ्यासमोर जमिनीवर बसली होती. तोंडाकडे एकटक बघत. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती माझ्या ओठांकडे बघत होती. अशा माणसाला फसवणं फार अवघड असतं.

मी उभा राहिलो. सुलूचा खोचा सुटत होता, तो एका हाताने धरला.

"माफ करा," मी म्हणालो. "मी पंडित नाही."

बिसुन हसला. त्याला वाटलं मी विनयाने बोलतोय. "महाराज, तुम्ही बोलाल तसं."

"नाही, खरंच नाही. मी ख्रिस्ती आहे. मॉर्मन. हा माझा जोडीदार. आम्ही रामप्रतापजींकडे निघालो होतो, बसवाल्याने चुकून इथे उतरवलं."

मांडवात एकदम शांतता पडली. टेपवरची सनई तेवढी वाजत राहिली. कोणीतरी उठून ती बंद केली, आणि मग तर फारच शांत झालं.

"पण इंडियाचा आहेस ना?" मागून कोणीतरी विचारलं.

"हो."

"मग आधी, बापदादे, ते कोण होते? बामनच असतील ना?"

झालं. अर्धं जग ओलांडून आलो, आणि तोच प्रश्न इथे माझ्याआधी येऊन मांडवात बसला होता. मला जालना आठवला, ख्रिस्ती आठवलं, सगळे तोडगे आठवले. पण माझ्या पायांच्या बोटांना अजून तेल लागलेलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही मांग. गावाबाहेर राहायचो. माझे आजोबा दोर वळायचे. आमची सावली पडली तरी लोक अंग धुवायचे. हे सगळं माहीत असूनही मी आजींना माझे पाय धुऊ दिले. माफ करा."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणत होतो. तेही मोडक्या हिंदीत, एका हातात लुंगी धरून.

"कौन चीज बोलिस?" म्हातारीने विचारलं. तिला शेवटचं ऐकू गेलं नव्हतं.

शेजारची एक जाडी बाई तिच्या कानाशी वाकली आणि इतक्या जोरात ओरडली की उसातले पक्षी उडाले. "बोलतोय पंडित नाही! इसाई आहे! जातीचा दोर वळणारा!"

म्हातारीने ऐकून घेतलं. पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघून दोनच शब्द विचारले.

"पढ़े सको?"

"काय?"

"ही पोथी. वाचता येते का?"

"अक्षर वाचता येतं," मी म्हणालो. "पण मी पूजा नाही करणार, आजी. माझा धर्म वेगळा आहे."

"पूजा लॉरीची आहे. लॉरीला घाई नाही. इथल्या पोरांना बोलता येतं, वाचता येत नाही. इंग्रजी शाळा. तुला येतं तर वाच."

"अम्मा!" बिसुन पुढे आला. "असं कसं? आपण ठाकूर लोक, चार माणसांत..."

म्हातारी हात टेकून उठली. उठायला वेळ लागला, पण कोणी मदत केली नाही; तिचा चेहराच तसा झाला होता.

"ठाकूर?" ती म्हणाली. "माझ्या पेटीत एक कागद आहे, बिसुन. माझा आजा कलकत्त्याला जहाजात बसला तेव्हा साहेबाने हातात दिलेला. त्याच्यावर जात काय लिहिलीय? चमार लिहिलीय. तुझ्या बापाकडेही तेच."

"अम्मा!"

"गावात मास्तराच्या खिडकीबाहेर बसून तो अक्षरं शिकला होता. त्या वेळी या वस्तीत वाचता येणारा तो एकटा. आठवडाभर ऊस तोडायचा आणि रविवारी हीच पोथी उघडायचा. समोर ठाकूर बसायचे, बामन बसायचे, मान खाली घालून ऐकायचे. तीस वर्षं या वस्तीचा पंडित तोच होता. मी त्याच्या मांडीवर बसून ऐकलंय. सिंग तर तू शाळेत नाव घालताना झालास."

बिसुन लॉरीकडे सरकला आणि तिच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. का ते मला आधी कळलं नाही. मग त्याच्या खांद्याच्या दोन बाजूंनी ताज्या लाल रंगातली इंग्रजी अक्षरं दिसली. मधली अक्षरं त्याने झाकली होती, पण 'ठाकूर' मधला 'ठा' आणि 'ट्रान्सपोर्ट' मधला 'पोर्ट' काही केल्या झाकत नव्हता.

मांडवात पहिल्या रांगेत पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "बिसुन, बस रे. सगळ्यांना ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"हेच. मला तुझ्या बापाने सांगितलं होतं."

"मला माझ्या सासूने," जाडी बाई म्हणाली.

"आम्हाला शाळेत असतानाच माहीत होतं," मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग एकजण हसला, दुसरा हसला, आणि सगळा मांडव हसायला लागला. बिसुन आधी लाल झाला. मग त्याने लॉरीकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि तोही हसला. "अरे, मग आधी सांगायचं ना! रंगवायला दोन दिवस लागले!"

फोनुआला अवाक्षर कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हटल्यावर तोही हसला. तो हसला की बाकडं हलायचं.

मी वाचायला बसलो. आधी अडखळलो, कारण भाषा जुनी होती. पण पाचदहा ओळींनंतर तिची चाल सापडली, तशी लोक प्रत्येक दोन ओळींनंतर मागचं पद म्हणू लागले. त्यांना सगळं पाठ होतं! वाचायला येत नव्हतं, पण मी चुकलो की पन्नास जण एकदम दुरुस्त करायचे. म्हातारी डोळे मिटून डुलत होती. तिला कितपत ऐकू जात होतं कोण जाणे.

अर्ध्या तासाने एक टॅक्सी धुरळा उडवत आली आणि तिच्यातून जीन्स आणि काळा चष्मा घातलेला पंचविशीचा पोरगा उतरला. "माफ करा, टायर पंक्चर झाला," तो म्हणाला. "मी पंडित."

कोणाचा विश्वास बसेना. "आज दिवसभर हेच चाललंय," बिसुन म्हणाला. बिचाऱ्याने सामानातून धोतर आणि पंचांग काढून दाखवलं तेव्हा कुठे त्याला आत घेतलं. आणि तरी म्हातारीने त्याला हाताने खूण करून ताडपत्रीवर बसवलं. अध्याय पुरा व्हायचा होता. तो निमूट बसला. जाताना मला एवढंच म्हणाला, "चांगलं वाचता. फक्त 'ष' सांभाळा."

लॉरीची पूजा त्याने केली. मी आणि फोनुआ लांब उसाच्या कडेला उभे राहून बघत होतो. नारळ फुटला तेव्हा फोनुआने टाळ्या वाजवल्या.

निघताना म्हातारीने मला केळीच्या पानात पुऱ्या बांधून दिल्या. मी वाकून तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "मंगळवारी ये. पुढचा अध्याय."

"आजी, मी इथे माझा धर्म सांगायला आलोय."

"तोही सांग. आधी अध्याय."

बसच्या थांब्यावर आम्ही दोघेच होतो. फोनुआ एका कापलेल्या नारळाच्या झाडाच्या बुंध्यावर बसला आणि म्हणाला, "आता सांग. तू उभा राहून काय बोललास? सगळे एकदम गप्प झाले होते."

मी सांगितलं. मांग म्हणजे काय ते त्याला इंग्रजीत कसं सांगावं कळेना. शेवटी म्हणालो, "आमचे लोक दोर वळायचे. केकताडाची पानं कुजवून त्यांचा वाख, म्हणजे धागा, काढायचे आणि त्याचे दोर. विहिरीच्या मोटेचे, बैलांचे."

"मग?"

"मग काय? म्हणून गावाबाहेर राहायचो."

"दोर वळायचे म्हणून?"

"अगदी तेवढंच नाही, पण हो. तसंच म्हण."

त्याच्या कपाळावर तीन आठ्या पडल्या. मग म्हणाला, "तुमच्या गावातले लोक मूर्ख होते का? दोर वळणाऱ्याला कोणी लांब ठेवतं? मग होडी कशाने बांधणार?"

"आमच्या गावात समुद्र नव्हता, एल्डर."

"मग तर आणखी मूर्ख." त्याने शर्टाची कड वर केली. सुलूवर, कमरेला, तपकिरी रंगाची एक बारीक विणीची दोरी गुंडाळलेली होती. मी ती दोन दिवस बघत होतो, पट्टा समजून. "ही माझ्या आजोबांनी वळली. नारळाच्या काथ्याची. आमच्या बेटावर त्यांच्याइतकी चांगली दोरी कोणी वळत नाही. चर्चमध्ये त्यांना पहिल्या रांगेत बसवतात." त्याने बुंध्याशी पडलेलं नारळाचं सोडण उचललं, काथ्या ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू वळून दाखव. तुमची पद्धत."

"मला येत नाही."

"येत नाही?"

"आबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बाबा कारखान्यात. बाबांनाही नसेल येत. आम्ही कधी विषयच काढला नाही. लाज वाटायची."

"वाटलीच पाहिजे," फोनुआ म्हणाला. तो खरोखर रागावला होता. "आजोबांना येत होतं, आणि तुला येत नाही! मी असतो तर कोणाला सांगितलंही नसतं!"

मग मला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. तो आणखी रागावला, तसा मी आणखी हसलो. शेवटी त्याने मला ओढून शेजारी बसवलं, सुलू मांडीवर वर सारला, काथ्याच्या दोन पेडी मांडीवर ठेवल्या आणि तळव्याने पुढे लोटल्या, मागे ओढल्या. दोरी आपोआप उगवल्यासारखी पुढे आली. माझ्या मांडीवरून मात्र नुसता कचरा उडत होता आणि कातडी सोलून निघत होती. "हात थुंकीने ओला कर. मुलीसारखा नको वळूस. नाही, नाही, मुली तुझ्यापेक्षा चांगलं वळतात." दोन बस निघून गेल्या. तिसऱ्या बसच्या वेळी माझ्या हातात वीतभर दोरी होती, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला सुतळीसारखी.

सोमवारी फोनुआने विचारलं, मुख्य साहेबांना फोन करायचाय ना? मी म्हटलं, राहू दे, मंगळवारी अध्याय आहे. झाला प्रकार मात्र मी त्यांना नियमाप्रमाणे पत्रात सगळा कळवला. त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं: बॅग सापडली आहे. नावाची पट्टी ताबडतोब लावावी. पुन्हा पंडित होऊ नये.

पंडित झालो नाही, पण सुखराजी आजीकडे मी पुढचे सात महिने दर मंगळवारी गेलो. माझं धर्माचं बोलणं ती शांतपणे ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "चांगलं आहे. यात गाणी का नाहीत?" तिने धर्म बदलला नाही, आणि मी तिची पोथी शेवटच्या पानापर्यंत वाचून दिली.

त्याच पहिल्या सोमवारी मी घरी पत्र लिहिलं. बाबांची उत्तरं नेहमी अर्ध्या पानाची असायची: तब्येत सांभाळ, प्रार्थना कर, आई ठीक आहे. त्या पत्रात मी शेवटी सहज विचारावं तसं विचारलं होतं, की आबा मोटेचा नाडा किती पेडी वळायचे, आणि तुम्हाला ते येतं का.

उत्तर यायला महिना लागला. पाकीट इतकं जाड होतं की फोनुआला वाटलं, आईने चिवडा पाठवला. आत बाबांच्या अक्षरातली नऊ पानं होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटच्या तीन पानांवर पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या.